हवेचा आकडा आणि छातीचा आकडा

गेली चार वर्षे मी एका वहीत रोज दोन आकडे लिहितो. पहिला शहराच्या हवेचा, म्हणजे वायू गुणवत्ता निर्देशांक. दुसरा माझ्या छातीचा, म्हणजे पीक फ्लो मीटरमध्ये पूर्ण जोर लावून फुंकल्यावर काटा जिथे थांबतो तो. चाळिशी उलटल्यावर दम्याचे निदान झाले तेव्हा दुसऱ्या आकड्याची सवय डॉक्टरांनी लावली. पहिला मी स्वतःच्या हौसेने जोडला. हवा बिघडली की छाती बिघडणार आणि पहिला रकाना चढला की दुसरा उतरणार, याबद्दल मला शंका नव्हती. वर्षभराच्या नोंदी एकत्र वाचल्या तेव्हा मात्र हिशेब जुळेना. निर्देशांक अगदी वाईट असलेल्या कित्येक दिवशी माझा फुंकर उत्तम होता, आणि हवा ‘मध्यम’ असलेल्या काही दिवशी तो नेहमीच्या सत्तर टक्क्यांवर उतरला होता.

उत्तर सापडायला फार बुद्धी लागली नाही, वेळ मात्र लागला. हवा फार वाईट असल्याचे कळले की मी घाबरून घरात थांबत असे. हवा बरी असली की निर्धास्तपणे ऐन गर्दीच्या वेळी, मुख्य रस्त्याच्या कडेने, झपझप चालत कामावर जात असे. निर्देशांक हा बहुधा २४ तासांच्या सरासरीवर आणि ठरावीक केंद्रांवरील मोजमापावर बेतलेला असतो. तो शहराविषयी सांगतो; चौकात थांबलेल्या बसच्या मागे उभ्या असलेल्या माणसाच्या नाकाविषयी सांगत नाही. शिवाय स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत घेतो आणि भराभर चालताना हेच प्रमाण कित्येक पटींनी वाढते. धाप लागली की आपण तोंडाने श्वास घेऊ लागतो, म्हणजे नाकाची गाळणीही बाजूला पडते. हवेत किती विष आहे यापेक्षा त्यातले माझ्या आत किती गेले, हा माझ्यापुरता खरा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर काही अंशी तरी माझ्या हातात होते.

पीएम २.५ हे नाव आता सर्वांच्या कानांवरून गेलेले आहे. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान व्यासाचे हे कण केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही बारीक असतात. मोठी धूळ नाकात आणि घशात अडते, श्वासनलिकांतील सूक्ष्म केसांची हालचाल बरीचशी घाण वर ढकलते. हे कण मात्र वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली त्यांची शिफारस केलेली वार्षिक मर्यादा घनमीटरला १० मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली. जगातील जवळजवळ कोणतेही मोठे शहर ती पाळत नाही, त्यामुळे ‘आज हवा चांगली आहे’ या वाक्याचा अर्थ ‘कालच्यापेक्षा बरी आहे’ एवढाच घ्यावा.

मी पहिल्यांदा रस्ता बदलला. मुख्य रस्त्याला समांतर असलेली आतली गल्ली धरली; चालणे सहा मिनिटांनी वाढले. रहदारीच्या धुराचे प्रमाण रस्त्यापासून दूर जाताना झपाट्याने उतरते, हे वाचले होते, पण दुसऱ्या रकान्यात फरक दिसेपर्यंत मला ते पुस्तकी वाटत होते. वेळ बदलणे अधिक अवघड गेले, कारण पहाटेची हवा शुद्ध असते ही समजूत माझ्यात फार खोलवर रुजलेली होती. थंडीच्या दिवसांत जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरचा थर उबदार अशी उलटी मांडणी होते. रात्रभराचा धूर त्या झाकणाखाली कोंडून राहतो आणि ऊन चढल्यावरच वर निघून जातो. म्हणजे हिवाळ्यातली पहाट ही फिरायला बहुधा सर्वांत वाईट वेळ. उन्हाळ्यात उलट भरदुपारी ओझोन वाढतो, तेव्हा सकाळच बरी. एकच नियम बारा महिने चालत नाही.

मास्कच्या बाबतीत मी स्वतःची फसवणूक करून घेतली. वर्षभर कापडी मास्क लावून मोठ्या विश्वासाने हिंडलो; त्याने समाधानाखेरीज फारसे काही दिले नाही. एन ९५ प्रकारचा मास्क किमान ९५ टक्के सूक्ष्म कण अडवतो, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच; दाढी असली तर कडेच्या फटींतून हवा सरळ आत येते. मी दाढी काढली, ही गोष्ट घरच्यांना दम्यापेक्षा अधिक गंभीर वाटली. नायट्रोजन डायऑक्साइड किंवा ओझोन यांसारखे वायू मात्र तोही अडवत नाही.

घरातल्या हवेविषयी थोडक्यात सांगतो. हेपा, म्हणजे सूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीचे यंत्र उपयोगी आहे, मात्र ते खोलीच्या आकाराला पुरेसे हवे, दारे-खिडक्या लावलेल्या हव्यात आणि गाळणी वेळेवर बदलायला हवी. ओझोन सोडून हवा ‘ताजी’ करणाऱ्या यंत्रांच्या वाटेला श्वसनाचा त्रास असलेल्यांनी जाऊ नये. स्वयंपाकाचा धूर बाहेर फेकणारा पंखा नियमाने लावल्याने आमच्याकडे जो फरक पडला, तो महागड्या यंत्राइतकाच होता.

हे सगळे केले तरी माझी सर्वांत मोठी चूक औषधाची होती. दम्याचे पंप ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात: झटका आल्यावर काही मिनिटांत श्वासनलिका मोकळ्या करणारा, आणि आतली सूज हळूहळू उतरवणारा स्टेरॉइडचा. पहिल्याचा गुण लगेच जाणवतो, म्हणून तो जवळचा वाटतो. दुसऱ्याचा जाणवत नाही, म्हणून बरे वाटू लागताच मी तो बंद करत असे. परिणामी धुरक्याचे दिवस येत तेव्हा श्वासनलिका आधीच चिडलेल्या असत. केवळ आराम देणाऱ्या पंपावर दमा सांभाळू नये, अशी शिफारस दम्याच्या उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ‘जिना’ या जागतिक संघटनेने २०१९ साली स्पष्टपणे केली. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून पंप घेणे, नंतर चूळ भरणे आणि दोन्ही पंपांबाबतची योजना डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेणे, एवढ्या साध्या गोष्टी अंगवळणी पडायला मला दोन वर्षे लागली. आता फुंकर स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली गेला की काय करायचे आणि ५० टक्क्यांखाली गेला तर थेट रुग्णालय गाठायचे, हे कपाटाच्या दारावर चिकटवलेले आहे.

हे लिहिताना मला एला अडू-किसी-डेब्रा या मुलीची आठवण होते. लंडनमधल्या अतिशय वर्दळीच्या रस्त्याजवळ राहणारी ही नऊ वर्षांची मुलगी तीव्र दम्याने २०१३ साली गेली. पुढे २०२० मध्ये झालेल्या न्यायिक चौकशीत तिच्या मृत्यूच्या कारणांमध्ये वायुप्रदूषणाची नोंद झाली. हे तेच शहर, जिथे १९५२ च्या डिसेंबरमधल्या धुरक्याने हजारो बळी घेतले आणि ज्यामुळे १९५६ चा स्वच्छ हवा कायदा झाला. कोळशाचा डोळ्यांना दिसणारा धूर गेला, वाहनांचा न दिसणारा उरला. प्रदूषणाचे दुष्परिणाम डॉक्टरांकडून रुग्णांपर्यंत पुरेसे पोहोचत नाहीत, असेही त्या चौकशीनंतरच्या अहवालात म्हटले होते. ते वाचून मी चमकलो, कारण इतक्या वर्षांत मला तपासणाऱ्या एकाही डॉक्टरांनी मी कोणत्या रस्त्याने आणि किती वाजता जातो, हे विचारलेले नव्हते. अर्थात, ज्यांना रस्ता निवडताच येत नाही, ज्यांचा दिवसच चौकात उभे राहण्यात जातो, त्यांना माझ्या आतल्या गल्लीचा काही उपयोग नाही, हेही मला ठाऊक आहे.

यंदापासून वहीत तिसरा रकाना आखला आहे: कुठून गेलो, किती वेळ, तोंडाने की नाकाने. बहुतेक नोंदी आता एकमेकींशी जुळतात. गेल्या महिन्यात मात्र एक आठवडा असा गेला की हवा बरी, रस्ता आतला, औषध नियमित, आणि तरी फुंकर ७५ टक्क्यांच्या वर जाईना. डॉक्टरांचा संशय सर्दीच्या विषाणूवर आहे. मी त्या सात ओळींपुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.