तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रुप मोठा का करत नाही?

"ताई, ग्रुप एवढा चांगला चालतोय, मग त्याचं फेसबुक पेज का काढत नाही? लाखभर फॉलोअर सहज होतील." तासगावच्या बाजारात, लग्नात, चर्चासत्राच्या चहाला हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणारी पोरं तरुण असतात, बाग करणारी असतात आणि आपुलकीनं विचारतात. उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून लिहून काढते.

ग्रुप म्हणजे आमच्या आजूबाजूच्या पाच-सहा गावांतल्या द्राक्ष बागायतदारांचा व्हॉट्सॲप ग्रुप. आत यायला दोन अटी आहेत: स्वतःची बाग हवी, आणि ती बाग ग्रुपमधल्या कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेली हवी. दुसऱ्या अटीवर लोक नाराज होतात, पण ग्रुप उभा आहे तो त्याच अटीवर.

ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की सकाळी काय होतं ते बघा. कुणीतरी दोन फोटो टाकतो. एकात पानाची वरची बाजू, तिच्यावर तेलकट पिवळा डाग. दुसऱ्यात तेच पान उलटं धरलेलं, डागाच्या बरोबर खाली पांढरी बुरशी. सोबत चार ओळी: द्राक्षाची जात (सुपर सोनाका वगैरे), छाटणीची तारीख, आज कितवा दिवस, शेवटची फवारणी कशाची आणि कधी. एवढं आल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, असा आमचा दंडक आहे. मग कुणीतरी "डाऊनीच आहे" म्हणतो (डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग), कुणी औषधाची मात्रा सांगतो, आणि शेजारच्या बांधावरचा एखादा गाडी काढून बागेतच जातो. बाग अजून फुलोऱ्यात असेल तर हे सगळं त्याच दिवशी व्हावं लागतं. डाऊनी घडावर उतरला की वर्षाचं पीक हातचं जातं.

आता हीच पोस्ट पेजवर टाकली असं समजा. ती कुणाला दिसेल आणि कधी दिसेल, हे ना टाकणारा ठरवणार ना मी. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकनं जाहीर केलं, की ज्या पोस्टवर घरच्या-मैत्रीतल्या माणसांत बोलणं होतं त्या वर दाखवू आणि पेजेसच्या पोस्ट कमी दाखवू. हेतू चांगला सांगितला होता. पण बोलणं सगळ्यात जास्त होतं ते भांडणात. दर पाडले कुणी, यावर एखाद्यानं चिथावणी दिली की खाली कमेंटची रांग लागते. पानाच्या फोटोला दोन बरोबर उत्तरं मिळतात आणि विषय संपतो. आमच्या लेखी ती उत्तम पोस्ट, फेसबुकच्या हिशेबात ती पडेल पोस्ट. तीन दिवसांनी कुणाच्या तरी फीडमध्ये वर आली, तर तोवर बुरशी घडात गेलेली असते. व्हॉट्सॲपवर मेसेज आला त्या क्रमानं दिसतो. ही साधी गोष्ट मला लाखभर फॉलोअरपेक्षा मोलाची वाटते.

फॉलोअरवरून आठवलं. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा खेड्यापाड्यातल्या कितीतरी पोरापोरींनी कष्टानं जमवलेला प्रेक्षक रातोरात गेला. माझा जीव तुटला होता त्यांच्यासाठी.

दुसरं कारण माणसांचं. मोठ्या ग्रुपमध्ये नाशिकचा बागायतदार असतो, सोलापूरचा असतो, आणि शेतकऱ्याचा फोटो लावून बसलेला औषध विक्रेताही असतो. जमीन वेगळी, पाऊस वेगळा, छाटणीच्या तारखा वेगळ्या. "मला रिझल्ट आला" असं कुणी छातीठोक लिहिलं, तरी त्याची बाग कुणी पाहिलेली नसते. निर्यातीच्या मालात चुकीच्या दिवशी चुकीचं औषध गेलं, तर नमुन्यात अंश सापडतो आणि तोच माल पडेल भावात इथं विकावा लागतो. सल्ला देणारा तेव्हा कुठं सापडणार? आमच्या ग्रुपमधला सल्ला देणारा दुसऱ्या दिवशी गावच्या सोसायटीत भेटतो.

व्यापाऱ्यांचंही तेच. चार किलोच्या पेटीला कुणी काय दर दिला, पैसे रोख दिले की पुढची तारीख सांगितली, हे आम्ही एकमेकांना सांगतो. पैसे बुडवून रातोरात पसार झालेले व्यापारी या भागानं पाहिलेत. उघड्या पेजवर असं कोण लिहील?

मोठे प्लॅटफॉर्म निरुपयोगी आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या दिवसांत पाहुण्यांसाठी होडी हवी, औषध हवं म्हणून आम्ही मेसेज टाकले, आणि ते फेसबुकवरून अशा माणसांपर्यंत गेले ज्यांनी सांगली कधी पाहिली नव्हती. एवढी लांबची हाक आमच्या छोट्या ग्रुपला मारता आली नसती. त्याच वाटेनं कोयना धरणाच्या विसर्गाचे शिळे आकडेही फिरत होते आणि लोक भर रात्री सामान हलवत होते, हेही खरं.

आणि व्हॉट्सॲप तरी आमचं कुठं आहे? २०१४ मध्ये फेसबुकनं ते सुमारे १९ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. आम्ही त्या घरातले भाडेकरू. ग्रुपमध्ये माणसं किती मावतील तेही मालक ठरवतो: २०१६ मध्ये २५६, २०२२ मध्ये आधी ५१२ आणि मग १०२४. कधी मालकाचा बदल गरजेचाही असतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं भटक्या समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी मेसेज फॉरवर्ड करणं बंद करायचं व्हॉट्सॲपनं जाहीर केलं. ती मर्यादा मला योग्य वाटते. आमच्या ग्रुपमध्ये तर फॉरवर्ड आलेलं काहीच चालत नाही. ज्यानं लिहिलं त्यानंच टाकायचं.

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप सगळंच सहाएक तास बंद पडलं. आमच्याकडं छाटणीचे दिवस. तेव्हापासून सगळ्यांचे फोन नंबर गावनिहाय कागदावर लिहून प्रत्येक गावात एकाच्या घरी ठेवलेत. हंगाम संपला की कुठल्या पावसानंतर कुठल्या बागेत काय आलं आणि कशानं आटोक्यात आलं, हे आम्ही वहीत उतरवतो. फोन बदलला, कंपनीनं नियम बदलला, तरी वही आमच्याकडं राहते. ग्रुप चालवण्यात सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि मी ते कुणावर सोडत नाही.

तेव्हा पोरांनो, आमचा ग्रुप वाढवण्यापेक्षा तुमच्या पाच गावांचा वेगळा काढा. कवठेमहांकाळकडच्या काही जणांनी काढलाय. ज्यांच्या बागेत तुम्ही स्वतः जाऊन आलाय त्यांनाच आधी घ्या, आणि फोटोसोबत छाटणीची तारीख मागायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. मला त्यात घ्यायचं असेल तर आधी माझी बाग बघायला या. सकाळी दहापर्यंत मी बागेतच असते.