लोहाचं किट शून्य दाखवतंय? बरोबरच आहे

रीफ टँकमध्ये (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) लोह मोजायच्या भानगडीत पडू नका. मोकळ्या समुद्राच्या वरच्या थरात ते लिटरमागे साधारण ०.०५ मायक्रोग्रॅम, बऱ्याचदा त्याहूनही कमी. आपल्या किटला रंग चढतो तो याच्या शेकडो पट पुढे गेल्यावर. रंग आलाच, तर लोहाचा डोस बंद करा आणि गंज शोधा.

मोजमाप कीटोवरून (कीटोमॉर्फा हे हिरवं शेवाळ) करायचं. संपमधला (मुख्य टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीतला) कीटो नायलॉनच्या दोऱ्यासारखा कडक, हिरवागार असेल तर लोह पुरतंय. तो पोपटी-पिवळा पडून वाढ थांबली, आणि नायट्रेट ५-१०, फॉस्फेट ०.०३-०.१ पीपीएम असूनही हे होत असेल, तर लोहाचा संशय घ्या. या दोघांपैकी एक जरी शून्यावर असेल, तर लोहाने काही साधत नाही. आधी माशांचं खाणं थोडं वाढवा.

साधं लोह-मीठ घातलं तर ८.२ पीएचच्या, हवा खेळत्या पाण्यात ते काही मिनिटांत ऑक्सिडाइज होतं आणि तपकिरी गाळ बनून बसतं. जाताना फॉस्फेटही ओढून नेतं. म्हणून सेंद्रिय रेणूला बांधलेलं लोह हवं. फेरस ग्लुकोनेट सोपं पडतं: त्यात सुमारे ११.६ टक्के लोह. ०.४३ ग्रॅम पावडर ५० मिली आरओ-डीआय (गाळून क्षारमुक्त केलेल्या) पाण्यात विरघळवली की मिलीला १ मिलिग्रॅम लोह. २०० लिटर पाण्याला आठवड्यातून एकदा ०.२ मिली, म्हणजे लिटरमागे १ मायक्रोग्रॅम. लाल टोपणाच्या यू-४० इन्सुलिन सिरिंजवर हे ८ युनिट. यू-१०० घेतली तर २० युनिट. इथेच घोटाळे होतात. बाटली फ्रिजमध्ये ठेवा, द्रावण तपकिरी झालं की ओतून द्या. मेडिकलमधल्या हिमोग्लोबिनच्या गोळ्या कुटून घालू नका, त्यात फॉलिक अॅसिड, कधी झिंकही असतं.

काचेवर तपकिरी थर किंवा लाल शेवाळ दिसलं, की डोस थांबवून १० टक्के पाणी बदला.

लोह नळातूनही येतं. पालिकेचं पाणी मऊ असलं तरी जुन्या इमारतीच्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपांतून, विशेषतः पाणीकपातीनंतर, पहिली धार तांबूस येते. स्वयंपाकघरातल्या आरओचा टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर शुद्ध पाण्यात कच्चं पाणी मिसळतो. तो पूर्ण बंद करा, पुढे डीआय रेझिन लावा, टीडीएस मीटरवर शून्य आल्यावरच मीठ कालवा.

आणि खारी हवा: तिने धातू गंजतो. लाइटच्या स्क्रूखालचा तांबूस ओघळ बोटाने पुसून बघा. वेव्हमेकरचा (पाण्यात लाटा करणाऱ्या पंपाचा) मॅग्नेट बाहेर काढून जोडावर नख फिरवा: कवच फुगलंय, फटीत तपकिरी रेघ आहे, तर त्याच दिवशी फेका. या मॅग्नेटवर बहुधा निकेल आणि तांब्याचा मुलामा असतो. लोह परवडलं, तांब्याने कोळंबी आधी मरते.