जजसाहेबांचा पगार कोण देतं?

न्यायाधीश सरकारपासून खरंच स्वतंत्र असतात का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. भूसंपादनाचे दावे चालवायला लागून मला पंचवीस वर्षं झाली. धरणात, रस्त्यात जमीन गेलेले शेतकरी वाढीव मोबदल्यासाठी येतात आणि वकीलपत्रावर सही करण्याआधी जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, “मॅडम, जजसाहेबांना पगार सरकारच देतं ना? मग सरकारच्या विरोधात निकाल कसा देतील?”

प्रश्न रास्त आहे. जमीन सरकारने घेतली, भाव सरकारी अधिकाऱ्याने ठरवला, कोर्टात समोर सरकारी वकील. मग न्यायाधीशच तेवढे वेगळे कसे?

मी उलट विचारते, “तुमचे तहसीलदार कशाला भितात? पगार बंद होण्याला?” “छे! बदलीला.” हे सांगायला कुणालाच विचार करावा लागत नाही. तालुक्याच्या न्यायाधीशाचा पगार राज्याच्याच तिजोरीतून येतो, पण त्याची बदली, बढती, रजा मंत्रालयात ठरत नाही. राज्यघटनेच्या कलम २३५ने ते नियंत्रण उच्च न्यायालयाकडे दिलं आहे. कलेक्टर कितीही रागावले तरी त्यांच्या फोनवर न्यायाधीशाचं बिऱ्हाड हलत नाही. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचं वेतन तर संचित निधीवर, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीवर, भारित असतं. त्यावर सभागृहात चर्चा होऊ शकते, मतदान नाही.

ही तटबंदी कधी खचलीच नाही, असं मात्र मी पक्षकाराला सांगत नाही. आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्यांना कोर्टात दाद मागता येते, असं नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी ते फिरवलं. त्या चौघांत आपल्या पुण्याचे यशवंत चंद्रचूडही होते, हे मला आजही लागतं. एकटे हंसराज खन्ना विरोधात गेले. जानेवारी १९७७मध्ये सरन्यायाधीशपदाची पाळी त्यांची होती. त्यांना डावलून कनिष्ठ असलेल्या बेग यांना नेमलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. त्याच १९७६ सालात उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायमूर्तींच्या बदल्या झाल्या होत्या. पगार कोणाचाच थांबवला नव्हता. तसं करण्याची गरजच पडली नाही.

तो निकाल पुसायला २०१७ साल उजाडावं लागलं. खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो चुकीचा ठरवला, आणि तसं लिहिणाऱ्यांत धनंजय चंद्रचूड होते, यशवंतरावांचे चिरंजीव.

म्हणून मी आजही बदली आणि बढतीकडेच डोळे लावून असते. न्यायवृंदाने, म्हणजे नेमणुका ठरवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाने, सुचवलेल्या नावाची फाईल सरकारकडे महिनोन्‌महिने पडून राहते, तेव्हा नावाला नकार न देताही नकार दिला जातो. निवृत्तीनंतर लगेच एखाद्या आयोगावर, मंडळावर नेमणूक होते. तीही माझ्या लेखी बढतीच, आणि ती सरकारच्या हातात आहे. निवृत्ती आणि अशा पदामध्ये काही वर्षांचं अंतर सक्तीचं असावं, असं माझं ठाम मत आहे. न्यायवृंदाचं कामही बंद दाराआड चालतं, ते मला पटत नाही. पण नेमणुकीची किल्ली मंत्र्यांच्या हाती देणं हा त्यावर उपाय नव्हे.

आता माझ्या एका पक्षकाराची गोष्ट. मोबदला वाढवून मिळाला, पण सरकारने पैसे भरले नाहीत. दरखास्त, म्हणजे निकालाची अंमलबजावणी करून घेण्याचा अर्ज, दाखल केली, तारखांवर तारखा पडल्या, दरम्यान थोरला भाऊ वारला. शेवटी दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, यांनी सरकारी कचेरीतल्या सामानाच्या जप्तीचं वॉरंट काढलं. जप्ती करणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याबरोबर, बेलिफाबरोबर, मीही गेले. टेबलं, खुर्च्या, संगणक, एकेक वस्तू यादीत लिहिली जात होती. ज्या कचेरीच्या व्हरांड्यात हे काका अकरा वर्षं उभे राहिले, तिथले साहेब उठून म्हणाले, “काका, बसा. पैसे भरण्याची व्यवस्था करतो.” पैसे जमा झाले.

काकांना काळजी वेगळीच होती. पुढच्या वेळी आले तेव्हा त्यांनी आधी विचारलं, “त्या जजबाईंना काही त्रास तर नाही ना झाला?” नव्हता झाला. त्या आमच्याच कोर्टात होत्या. तीन वर्षं पुरी झाल्यावर, उन्हाळी सुट्टीनंतरच्या नेहमीच्या बदल्यांत त्या गेल्या.