वाक्यशुद्धीचा सराव : ठाणे खाडी आणि येऊरचा संच

या टप्प्यात सगळी वाक्ये ठाणे खाडी आणि ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या प्राण्यांवरची घेतली आहेत. विषय एकच असला की तीच नामे निरनिराळ्या विभक्तींत फिरून येतात आणि चूक सामान्यरूपात (प्रत्यय लागताना शब्दाचे जे बदललेले रूप होते त्यात) दडली आहे हे उघडे पडते.

सगळ्यात कसदार वाक्य हे: ‘पक्षांच्या थव्याने चिखलातले शेवाळ खाल्ले.’ मोबाइलचा शुद्धलेखन तपासनीस इथे गप्प राहतो, कारण ‘पक्षांच्या’ हा शब्द बरोबरच आहे. पण तो राजकीय पक्षांचा. इथे हवे ‘पक्ष्यांच्या’. शंका आली तर त्याच जागी प्राणी घालून वाचावे: ‘प्राणांच्या’ आणि ‘प्राण्यांच्या’ यांतला फरक कानाला लगेच कळतो. समासात मात्र वेलांटी पहिली: पक्षिनिरीक्षण, प्राणिसंग्रहालय. मूळ शब्द पक्षिन् आणि प्राणिन् आहेत, म्हणून.

‘वाघीणीने’ अजून सुटत नाही. मराठी शब्दातला उपान्त्य (शेवटून दुसऱ्या अक्षरातला) दीर्घ ई किंवा ऊ सामान्यरूपात ह्रस्व होतो: वाघीण, वाघिणीने. मुंगूसमध्ये तो अ होतो: मुंगसाने. तत्सम (संस्कृतातून जसाच्या तसा आलेला) शब्द जागचा हलत नाही: मयूराचा. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या १८ नियमांतले हे नियम आधी पक्के करावेत, बाकीचे सावकाश.

‘येऊरच्या पायवाटेवरून जाताना बिबट्या दिसला.’ एकही अक्षर अशुद्ध नाही, तरी जात कोण होते? ‘आम्ही पायवाटेवरून जात असताना आम्हाला बिबट्या दिसला’ असे कर्ता घालून लिहावे.

विरामचिन्हांत स्वल्पविरामाचा अतिरेक होतो. ‘खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०२२ साली तो पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला.’ दोन्ही वाक्ये स्वतंत्र आहेत, मध्ये उभयान्वयी अव्यय नाही. तिथे अर्धविराम हवा. ‘फ्लेमिंगो, बगळे, शेकाटे आणि खंड्या’ या यादीत ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम नको.

विरामचिन्हांची फेरी शेवटी ठेवावी. शब्दक्रम बदलला की आधी दिलेली चिन्हे चुकीच्या जागी राहतात.

पुढचा संच मिश्र कर्त्यांचा आहे: ‘वासरे, म्हशी आणि बैल चरत...’ इथे ‘होते’ आणि ‘होती’ दोन्ही ऐकू येतात. वासरे शेवटी नेली, तर ‘होती’ निर्विवाद बसते.