नळीचे सांधे

एका मासिकासाठी मी गेली आठ वर्षे लिहिते आहे आणि काही शब्द आपण सवयीने, गरज नसताना वापरतो असा संशय मला बरेच दिवस छळतो आहे. 'अर्थात' हा त्यातला मुख्य आरोपी. एका रविवारी सगळे लेख एकत्र करून कोणता शब्द किती वेळा आला ते मोजूनच टाकू, असे ठरवले. ज्या भल्यामोठ्या प्रोग्राममध्ये मी लेख लिहिते, त्यात पाकिटांवर पत्ते छापण्यापासून तक्ते रंगवण्यापर्यंत सगळ्या सोयी आहेत आणि एकूण शब्द किती झाले तेही तो तत्परतेने सांगतो. पण कोणता शब्द किती वेळा आला ते सांगणारे बटण अर्धा तास मेनू उपसूनही मला सापडले नाही. शेवटी मी काळ्या पडद्याची ती खिडकी उघडली, जिच्यात एका वेळी एकच काम करणाऱ्या छोट्या आज्ञा लिहायच्या असतात.

मोजणीच्या याच कामावरून 1986 साली एक गाजलेला सामना झाला होता. 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या संगणकशास्त्राच्या नियतकालिकात जॉन बेंटली यांचे सदर असे. मजकुरातले सर्वाधिक वेळा आलेले शब्द संख्येसह छापणारा प्रोग्राम लिहावा, असे त्यांनी नामवंत संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांना सुचवले आणि त्यावर समीक्षा लिहायला बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेतल्या डग मॅकिलरॉय यांना सांगितले. कनूथ यांनी खास या कामासाठी माहितीची नवी रचना योजून कित्येक पानांचा देखणा प्रोग्राम सादर केला. मॅकिलरॉय यांनी त्या कारागिरीचे मनापासून कौतुक केले, तिला फाबर्जेच्या रत्नजडित अंड्याची उपमा दिली, आणि मग तेच काम सहा तयार आज्ञा एकापुढे एक जोडून करून दाखवले. (कनूथ यांच्या बाजूने एवढे म्हटलेच पाहिजे की, प्रोग्राम निबंधासारखा वाचता यावा अशी त्यांची लेखनपद्धत दाखवणे हाच त्या लेखाचा हेतू होता, आणि मॅकिलरॉय यांच्या सहा आज्ञांच्या पोटात इतरांचे पुष्कळ श्रम आयते साठलेले होते.)

मॅकिलरॉय यांच्या डोक्यात ही कल्पना फार आधीपासून होती. बागेतल्या पाण्याच्या नळीला जसा हवा तेव्हा आणखी एक तुकडा फिरवून जोडता येतो, तसे प्रोग्राम जोडता आले पाहिजेत, असे त्यांनी 1964 सालच्या एका टिपणात लिहून ठेवले होते. प्रत्यक्षात ती नळी 1973 साली बेल लॅब्जमध्येच घडलेल्या युनिक्स या संगणकप्रणालीत आली. युनिक्सच्या जनकांपैकी एक, केन थॉम्पसन यांनी ती एका रात्रीत बसवली असे सांगतात. दोन आज्ञांच्या मध्ये एक उभी रेघ ओढायची, की पहिलीतून बाहेर पडलेले थेट दुसरीत शिरते.

मी त्या सहा आज्ञा जशाच्या तशा लिहिल्या आणि कळ दाबली. आठ वर्षांच्या लेखनातून तीन इंग्रजी शब्द बाहेर पडले: माझे आडनाव, माझ्या ईमेलसेवेचे नाव आणि 'कॉम'. तिघेही बरोबरीत. प्रत्येक लेखाखाली छापलेल्या ईमेल पत्त्याचे ते तुकडे होते. बाकीच्या मराठीची वाफ झाली होती.

हसू ओसरल्यावर मी नळी एकेका सांध्यावर सोडून पाहिली. पहिल्याच तुकड्यानंतर मजकूर नाहीसा होत होता, म्हणजे दोष तिथेच. 'ए ते झेड सोडून उरलेले सगळे काढून टाक' असे त्या आज्ञेला सांगितलेले असते आणि ती अक्षरे नव्हे, बाइट मोजते, म्हणजे संगणक मजकूर ज्यांत साठवतो ती छोटी एकके. देवनागरीचा एकेक वर्ण तीन बाइटांचा. मी तिला 'जिथे मोकळी जागा असेल तिथे ओळ तोड' एवढेच सांगितले. दुसरा तुकडा मोठी इंग्रजी अक्षरे लहान करणारा. मराठीला त्याची गरजच नाही, म्हणून त्याच्या जागी पूर्णविराम-स्वल्पविराम झाडणारा तुकडा बसवला. पुढच्या चार आज्ञांना मी हातही लावला नाही. यादी आली, आणि 'अर्थात'चे स्थान इतके वर होते की तो आकडा इथे देण्याची माझी तयारी नाही.

यादीत एक गंमत मात्र राहून गेली होती. 'दुसऱ्या' हा शब्द दोनदा आला होता, वेगवेगळ्या संख्यांसह, आणि दिसायला तंतोतंत एकच. पुन्हा सांधा सोडून आतले संकेत, म्हणजे संगणक प्रत्येक अक्षराला देतो ते क्रमांक, पाहिले तेव्हा कळले की, एका 'दुसऱ्या'त नुक्त्याचा ऱ होता आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह. मधल्या एका वर्षी मी कीबोर्ड बदलला होता, त्याची ही खूण. दोन्हींचे एक रूप करणारा आणखी एक तुकडा मध्ये बसवला आणि त्या जुळ्यांचा हिशेब मिटला.

नळीची गळती सांध्यातूनच होते, असे आमच्या इमारतीचा प्लंबर सांगतो आणि म्हणूनच त्याला भिंतीच्या आत गाडलेल्या नळांचा राग आहे. टाइल्समागे सगळे कसे नितळ दिसते. गळू लागले की ओल खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला येते आणि कुठली भिंत फोडायची यावर सोसायटीची सभा भरते. सर्वगुणसंपन्न प्रोग्रामांबद्दल माझी तक्रार हीच आहे. ते मोठे आहेत म्हणून नव्हे, तर चुकले तर मधेच थांबून पाहायला त्यांच्यात जागा नसते म्हणून. नाहीतर एकात अनेक गोष्टींचे मला वावडे नाही. आमच्या विळीच्या टोकालाच खवणी आहे.

आणि उघड्या नळांचेही हाल मी सोसले आहेत. झालेली यादी अकारविल्हे लावावी म्हणून मी 'सॉर्ट' या क्रम लावणाऱ्या आज्ञेला ती दिली आणि निकाल त्याच नावाच्या फाइलीत टाकायला सांगितला. तिथे आज्ञा सुरू होण्याआधीच निकालाची फाइल कोरी करून ठेवली जाते, त्यामुळे 'सॉर्ट'च्या वाट्याला रिकामी फाइल आली आणि ती त्याने निमूटपणे लावून दिली. मोठ्या प्रोग्रामने निदान 'आधीची फाइल पुसायची का?' असे विचारले असते, आणि चुकून 'हो' म्हटले असते तरी मागे फिरायची एखादी वाट ठेवली असती. आमच्याकडे अक्षर न बोलता चमचमणारा कर्सर. लेख शाबूत होते म्हणून यादी पुन्हा करता आली, पण तो अर्धा मिनिट मी विसरणार नाही.

आता नवी यादी तयार आहे; फक्त 'सॉर्ट' तिला संगणकाच्या संकेतक्रमाने लावतो आणि त्या क्रमात ळ हा ल नंतर लगेच, व च्या आधी बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह च्याही पुढे. त्यामुळे सध्या माझ्या यादीत आधी 'काळ' येतो, मग 'कावळा', मग 'कासव', मग 'काहूर'. येत्या रविवारी तो सांधा सोडून बसणार आहे.