पंचगंगेच्या पुरावर पीएच.डी. : माझा अनुभव

भूगोलात एमए आणि सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) झाल्यावर पीएच.डी.साठी मी कोल्हापूरच्या पंचगंगा नदीचा पूर हा विषय घेतला. पीएच.डी.ची पेट ही प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क सगळ्यांचं होतं तसंच माझंही झालं. खरा कस लागला तो आरआरसीपुढे, म्हणजे संशोधनाचा आराखडा मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीपुढे.

पहिला आराखडा पाण्याचा होता. राजाराम बंधाऱ्यावरची पातळी (39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका), पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा, उपग्रहाच्या प्रतिमा. समितीला तो सहज पटला असता. पण नदीकाठच्या चिखली-आंबेवाडी या गावांत जायला लागल्यावर वेगळाच प्रश्न पाठीस लागला. 1989 च्या पुरानंतर पुनर्वसनासाठी या गावांना सोनतळीला प्लॉट मिळाले. तरीही 2019 आणि 2021 मध्ये इथून माणसं बाहेर काढावी लागली. उंचावर जागा असताना लोक खाली का राहतात, हे मला शोधायचं होतं.

समितीतल्या एका सरांनी विचारलं, "हे समाजशास्त्र झालं, भूगोल कुठं आहे?" समाजशास्त्राच्या विभागात चौकशी केली, तर तिथं पूररेषेचे नकाशे कोण तपासणार हा प्रश्न. आपत्ती व्यवस्थापनात संशोधन करणाऱ्या बहुतेकांना या दोन दारांमधून जावं लागतं. माझ्या गाइड मॅडम ठाम राहिल्या. नकाशे ठेवायचे, पण घराघरातल्या मुलाखतींना आधार म्हणून, असं त्यांनी सुचवलं आणि सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर झाला.

मॅडमची एक अट होती. पाणी ओसरल्या ओसरल्या प्रश्नावली घेऊन गावात जायचं नाही. घरातला चिखल उपसणाऱ्या माणसाला त्या दिवसांत पंचनाम्याची काळजी असते. हातात कागद घेऊन आलेला प्रत्येकजण त्याला सरकारी वाटतो आणि उत्तरं नुकसानभरपाईच्या हिशेबानं येतात. ते त्याच्यावर अन्यायाचं आणि संशोधनाच्याही कामाचं नाही. म्हणून मी हिवाळ्यात गेलो. डेअरीत दूध घालून परतणाऱ्यांशी बोललो, गोठ्यात बसून बोललो.

एका आजींनी सांगितलं, "प्लॉटवर घर बसंल बाळा, पण म्हसरं कुठं बांधू?" पुढचा सगळा प्रबंध या वाक्यामागून गेला. शेत खाली, वैरण खाली, धारा पहाटे काढायच्या. शिवाय तेव्हा एका कुटुंबाला मिळालेला प्लॉट, आज तिथं भावाभावांच्या तीन चुली. पूर काही वर्षांनी येतो, दूध रोज दोन वेळा घालायचं असतं. हा हिशेब अडाणीपणाचा नाही, आणि तो न मांडता आखलेलं पुनर्वसन कागदावरच राहतं. आपत्तीची जोखीम कमी करण्यासाठीच्या 2015 ते 2030 या काळाच्या आंतरराष्ट्रीय सेंडाई आराखड्यातही जोखीम समजून घेणं हे पहिलं प्राधान्य आहे. व्हायवामध्ये, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेत, बाहेरच्या परीक्षकांनी लोकांच्या या हिशेबावरच सर्वात जास्त वेळ घेतला. म्हशींच्या धारांच्या वेळांचा तक्ता त्यांनी पुन्हा उघडायला लावला, याचा मला आजही आनंद वाटतो.

पदवी मिळाल्यावरचा काळ जास्त कठीण गेला. आधी तासिका तत्त्वावर शिकवलं. एका महाविद्यालयात मुलाखतीला गेलो, तर पीएच.डी. 'संबंधित विषयात' आहे का यावरच चर्चा अडली. माझी नोंदणी भूगोल विषयात होती, म्हणून निभावलं.

प्राध्यापकपदाच्या नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत आता आपत्ती व्यवस्थापन हा स्वतंत्र विषय आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्ती अभ्यासाचं स्वतंत्र स्कूल आहे. पण आपल्याकडच्या महाविद्यालयांत मी पाहिलेल्या बहुतेक जाहिराती अजूनही भूगोल, समाजकार्य, स्थापत्य अशा जुन्या नावांनीच निघतात. त्यामुळे माझ्याकडे विचारायला येणाऱ्या मुलामुलींना मी दोन गोष्टी सांगतो. नोंदणीत विषयाचं नाव काय लागणार ते प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या. आणि गाइड निवडताना त्यांचे शोधनिबंध बघाच, पण ते स्वतः शेवटचे कोणत्या पूरग्रस्त किंवा दरडग्रस्त गावात गेले होते तेही विचारा.