शेवळांच्या मागावर: रोहिणी ते मृग, मुरूडच्या रानात

गेल्या वर्षी मृग लागून आठ दिवस झाल्यावर मी मुरूडकडे गेले, तर रानात शेवळांची, म्हणजे पहिल्या पावसाबरोबर येणाऱ्या रानभाजीची, नुसती पानं. ठिपक्याठिपक्यांच्या देठावर छत्रीसारखी उघडलेली, गुडघाभर उंच, दिसायला सुंदर. पण फुलं येऊन, घाण वास मारून, कुजूनही गेली होती. त्याच्या आदल्या वर्षी वीस मेलाच जाऊन बसले, तेव्हा जमीन ठणठणीत कोरडी. यंदा मावशीचाच फोन आला, "दोन सरी चांगल्या झाल्यात, बाजारात शेवळं आलीत, उद्याच निघ." त्याच रात्री मी पिशवी भरली.

म्हणून पहिला सल्ला हाच देईन की कॅलेंडर बघून सुट्टी काढू नका, बाजार बघा. पनवेल, पेण, अलिबागच्या बाजारात कातकरी-ठाकर बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसलेल्या दिसल्या की रान फुललं म्हणून समजा. रोहिणी नक्षत्र पंचवीस मेच्या आसपास लागतं आणि मृग सात-आठ जूनला. या दोघांच्या मधले दिवस आपले. वळवाची एक जोरदार सर झाली की चार-सहा दिवसांत जमिनीतून टोकं वर येतात. पाऊस ओढला तर तीही थांबतात.

ज्यांना शेवळं फक्त भाजीतून माहीत आहेत त्यांच्यासाठी सांगते. आपण खातो ती न उमललेली कळी असते. उमललं की ते कुणी खात नाही, कारण तेव्हा त्याला सडलेल्या मांसाचा वास येतो. शेवळा आणि आपला सुरण एकाच घराण्यातले. अमॉर्फोफॅलस नावाच्या या वंशात दोनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यातला थोरला भाऊ म्हणजे सुमात्राच्या जंगलातला टायटन अरम. इटलीचे वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेकारी यांनी १८७८ मध्ये तो जगापुढे आणला, १८८९ मध्ये तो लंडनच्या क्यू उद्यानात फुलला आणि तेव्हापासून जगात कुठेही फुलला की लोक रांगा लावून वास घ्यायला जातात. तो तीन मीटरपर्यंत वाढतो. त्याच सुमात्रात राफ्लेशियाही आहे, मीटरभर व्यासाचं, जगातलं सगळ्यात मोठं एकटं फूल. १८१८ मध्ये ब्रिटिश अधिकारी रॅफल्स आणि डॉक्टर अर्नोल्ड यांच्या सफरीत ते युरोपीयांच्या नजरेस पडलं. पण राफ्लेशिया वेगळ्या घरचं. त्याला मूळ नाही, पान नाही, दुसऱ्या वेलीच्या अंगावर जगतं. आपलं शेवळं टायटनच्या घरातलं. आणि ते जगात फक्त पश्चिम घाट आणि त्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात उगवतं. ज्याची जुडी आपण घासाघीस करून घेतो ते जगात दुसरीकडे कुठेच नाही, हे कळल्यापासून माझं या फुलावर मन बसलं आहे.

मी एसटीने गेले. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या लाँच बंद असतात, तेव्हा त्यांच्या भरवशावर बेत करू नका. पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग, तिथून चौल-रेवदंडा, मग खाडीवरचा पूल ओलांडून साळाव आणि मुरूडचा रस्ता. अलिबाग ते मुरूड साधारण पन्नास किलोमीटर, पण घाई करू नका. पहिल्या पावसात रस्ता निसरडा होतो आणि संध्याकाळी वलगणीचे, म्हणजे नव्या पाण्यावर चढून येणारे मासे धरायला, मुठे (खेकडे) पकडायला गावंच्या गावं टॉर्च घेऊन बाहेर पडलेली असतात. मावशीच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. गेल्या काही वर्षांत अशा जागांची नावं फोटोखाली टाकली की पुढच्या रविवारी तिथे दहा गाड्या उभ्या राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीवरच्या कातकरी आजींबरोबर रानात गेले. मावशीने आदल्या दिवशीच जाऊन त्यांना विचारलं होतं. तुम्हीही तसंच करा. स्थानिक माणूस बरोबर असल्याशिवाय शेवळं दिसत नाहीत, हे मी दोन वर्षांच्या पायपिटीनंतर सांगते आहे. पाचोळ्याच्या रंगाचं फूल पाचोळ्यात उभं असतं. मी ज्या उतारावरून तीनदा गेले होते तिथे आजींनी उभ्या जागेवरून पाच दाखवली. त्या नाकाने शोधत होत्या. थांबायच्या, वारा कुठून येतो ते बघायच्या आणि म्हणायच्या, "हितं खाली हाय बघ ताय, वास मारतंय."

पहिलं उमललेलं शेवळं एका ऐनाच्या बुंध्याशी होतं. मी टेप लावून मोजलं, जमिनीपासून टोकापर्यंत बहात्तर सेंटिमीटर. खाली लांब दांडा, त्यावर मळकट गुलाबी-जांभळं आवरण एका बाजूला उघडलेलं आणि त्यातून वर आलेला गडद जांभळा, गुळगुळीत, टोकाला निमुळता होत गेलेला दंड. आपण ज्याला फूल म्हणतो ते खरं तर शेकडो बारीक फुलांचं घर आहे. आवरणाच्या तळाशी मादीफुलं, त्यांच्या वर नरफुलं, आणि वरचा दंड फक्त वास पसरवायला. मादीफुलं आधी तयार होतात, नरफुलं नंतर, म्हणजे स्वतःचाच पराग स्वतःला लागू नये. वासाला फसून भुंगेरे आणि माश्या येतात, आत उतरतात, आणि पराग अंगावर घेऊन दुसऱ्या फुलाकडे जातात. पोटावर झोपून टॉर्चने आत बघितलं तर तळाशी सात-आठ काळे भुंगेरे एकमेकांवर चढत होते. वास तोंड फिरवायला लावणारा, तरी मी तिथून पंधरा-वीस मिनिटं हलले नाही.

आजी शेवळं काढतात ती दांडा जमिनीलगत कापून. जमिनीतला कंद, म्हणजे कांदा, उपटत नाहीत. "कांदा ऱ्हायला तर पुढच्या साली परत येल," त्या म्हणाल्या. शिवाय एका जागेवरची सगळी घेत नाहीत, दोन-तीन ठेवतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, पोट ज्याच्यावर चालतं ते राखायचं असतं एवढंच. याउलट मागच्या वर्षी मी एका ओढ्याकाठी खणलेले खड्डे पाहिले होते. कुणीतरी कुंडीत लावायला कांदेच उकरून नेलेले. कृपा करून असं करू नका. फुलाच्या कळीत कांद्याने साठवलेली वर्षाची ताकद असते. उपटून नेलेला कांदा शहरातल्या बाल्कनीत फुलेलच असं नाही, आणि इथली जागा मात्र कायमची रिकामी होते.

फणसाड अभयारण्य इथून जवळ आहे. १९८६ पासूनचं, साधारण ५४ चौरस किलोमीटरचं, शेकरूसाठी नावाजलेलं. सुपेगावला वनखात्याचं केंद्र आहे. ज्यांची इकडे कुणाशी ओळख नाही त्यांनी तिथे चौकशी करून, परवानगी काढून, गाइड घेऊन फिरावं. एक लक्षात ठेवा, अभयारण्यातून काहीही तोडायला किंवा उचलायला कायद्याने बंदी आहे. शेवळाची जुडीसुद्धा नाही. भाजी हवी असेल तर बाजारात बाईंकडून घ्या, आणि दिलेल्या भावात घ्या. त्या पहाटे चारला उठून रानात गेलेल्या असतात.

पायात उंच बूट हवेत. या दिवसांत फुरसं आणि घोणस पाचोळ्यात असतात, आणि शेवळं नेमकी पाचोळ्यातच उगवतात. हात घालण्याआधी काठीने पाचोळा हलवा. मांडी घालून बसण्याआधीही. पूर्ण बाह्यांचा सदरा, टॉर्च, प्लास्टिकच्या दोन पिशव्या (एक फोनसाठी) आणि पाणी एवढं पुरतं. दुर्बीण, मोठी लेन्स काही लागत नाही. कॅमेरा जमिनीवर टेकवून काढलेला फोटोच खरा. नाकाला रुमाल बांधू नका, शोधायला नाक लागतं.

संध्याकाळी परत आले तर घरी काका गोठ्यामागे उभे. दोन दिवस मेलेल्या घुशीचा वास येत होता म्हणून त्यांनी गवताच्या पेंढ्या उचलल्या, पत्रे हलवले, काही सापडेना. मी वासावर गेले. गोठ्यामागच्या परसात, उकिरड्याच्या कडेला, सुरणाचं फूल फुललं होतं. शेवळापेक्षा किती वेगळं! उंची जेमतेम ढोपरापर्यंत, पण रुंदी विलक्षण. आवरण झालरीसारखं चुण्याचुण्यांचं, कडेला जांभळं, आत खाली फिकट. मोजलं तर अडतीस सेंटिमीटर रुंद. मधोमध गडद तपकिरी-जांभळा, मेंदूसारखा सुरकुतलेला मोठा गोळा. ते जमिनीलाच चिकटून बसलेलं असतं, आजूबाजूला एक पान नाही. पान नंतर येतं. मी हात जवळ नेला तर गोळ्याभोवतीची हवा किंचित उबदार लागली. ही फुलं वास लांबवर जावा म्हणून स्वतःला तापवतात, हे वाचलं होतं. तळहाताला ते जाणवलं तेव्हा अंगावर काटा आला.

चार पावलांवर दुसरं फूल होतं, आदल्या दिवशी उघडलेलं. त्याचा वास जवळपास गेला होता, पण आत पिवळसर पूड सांडली होती आणि तिच्यात दोन माश्या माखलेल्या.

काका कोयता घेऊनच आले. "दरवर्षी येतं हे. मी तोडून खड्ड्यात टाकतो. गोठ्याजवळ असली घाण नको." मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं: एक फूल आज मादी आहे, दुसऱ्याचा पराग आज पडतोय, मधे चार पावलांचं अंतर आहे, हे रोज जुळून येत नाही. उद्यापर्यंत वास संपेल. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उद्यापर्यंत ना? मग राहू दे." आणि कोयता वळचणीला खोचला.

ज्यांना रानात जाणं जमणार नाही त्यांनी कोकणातल्या कुणाच्याही परसात, जुन्या सुरणाच्या जागी, याच दिवसांत बघावं. तिथे ना परवानगी लागते ना गाइड. फक्त संध्याकाळी बघा. वास पहिल्या संध्याकाळी आणि रात्री सगळ्यात जास्त असतो. दुसऱ्या दुपारी गेलात तर फूल दिसेल, पण माश्या-भुंगेऱ्यांची ती धावपळ दिसणार नाही.

खाजेचं सांगायला हवं. शेवळं निवडताना माझ्या मनगटाला चीक लागला आणि अर्ध्या तासात कातडी लाल झाली, सुया टोचल्यासारखी. सुया टोचतात हे खरंच आहे. या झाडांत कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. मावशीने आमसुलाचं आगळ चोळलं, वर खोबरेल लावलं, तासाभरात उतरलं. डोळ्याला किंवा तोंडाला मात्र चुकूनही हात लावू नका. कच्ची शेवळं चाखून बघू नका. घसा धरला तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, डॉक्टरकडे जा.

मावशीची पद्धत अशी. हाताला तेल लावायचं. कळीचं आवरण सोडवून आतल्या दांड्याच्या बुडाशी असलेला पिवळा दाणेदार भाग पूर्ण काढून टाकायचा, खाज सगळ्यात जास्त तिथे. उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं आणि काकडं ठेचून त्यांचं आंबट पाणी घालून शिजवायचं. काकडं म्हणजे शेवळांबरोबरच विकायला येणारी लहान हिरवी आंबट फळं. त्यांच्याशिवाय शेवळं घेऊ नका, विकणारीच आठवण करून देते. ती मिळालीच नाहीत तर चिंच किंवा आमसूल, पण सढळ हाताने. मावशी त्यात सोडे (सुकी कोलंबी) घालते. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांत खिमा घालतात, शाकाहारी घरांत डाळिंब्या (सोललेले वाल). त्या रात्री जेवताना बाहेर पाऊस लागला, गोठ्यामागून वास येत होता आणि कुणीच त्याबद्दल तक्रार केली नाही.

पुढच्या वर्षी मला दक्षिणेकडे जायचं आहे. अमॉर्फोफॅलस कोंकणेन्सिस नावाची, नावातच कोकण असलेली एक जात १९९४ मध्ये नोंदली गेली. नोंदणाऱ्यांत कोल्हापूरचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. श्रीरंग यादव होते. ती अजून मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. आजींनी मात्र आत्ताच बजावलं आहे की आधी इथे यायचं, रोहिणीची पहिली सर पडली की.

जुलैच्या शेवटी मावशीचा फोन आला. परसातलं गवत कापायला गडी लावला होता. काकांनी आधी जाऊन सुरणाच्या फुलाच्या जागी चार काठ्या रोवल्या, त्यांना सुंभ बांधलं आणि गड्याला सांगितलं, इथे विळा चालवायचा नाही. झालर कधीच गळून गेली आहे. दांडा उभा आहे आणि त्याला हिरवे दाणे धरलेत. लाल झाले की बुलबुल येतील, म्हणून काका रोज सकाळी गुरं सोडायच्या आधी तिकडे एक चक्कर मारतात.